आवळेवाडीच्या पाण्याचा भाव

पेणच्या बाजारात नूतन भगत शिरली की शेगड्या दुरुस्त करणारा हर्षद दुकानातूनच हाळी देतो, “आली बघा महागाई! भाव झाका रे आपापले!”

आजूबाजूचे खिदळतात. नूतनही हसते, पण उत्तर दिल्याशिवाय हलत नाही. “मी आले म्हणून भाव वाढत नाय हर्षदभाऊ. तुम्ही वाढवता म्हणून मला यावं लागतं. बोला, दोन बर्नरची शेगडी साफ करायचे या महिन्यात किती?”

“गेल्या महिन्यात होते तेवढेच. लिहा, हर्षद गरीबच राहिला.”

“त्याला रकाना नाय,” असं म्हणून ती पुढच्या दुकानाकडे वळते.

आता ही बाई करते तरी काय, ते आधी सांगायला हवं. दर महिन्याला टीव्हीवर महागाईचा आकडा येतो. इतकी वाढली, तितकी उतरली. आणि आपण हातातला चहा तसाच ठेवून करवादतो, अरे कुठे उतरली? कोणाच्या घरी उतरली? आमच्याकडे तर काही आली नाही उतरून! पण तो आकडा काही आभाळातून पडत नाही. देशभर ठिकठिकाणी माणसं दारोदार फिरतात, भाव विचारतात, लिहून वर पाठवतात. त्यातली पेण-रोह्याकडची एक म्हणजे आपली नूतन. तिच्या वाट्याला आलाय तो घर चालवायचा खर्च: नळपट्टी, विजेचं बिल, सिलिंडर, पाण्याचे जार, मोटार बिघडली तर तिची दुरुस्ती. रोह्यातली काही घरं, पेणमधली काही, आणि गडब गावापाशी हायवे सोडून आत गेलं की टेकडीच्या कुशीत असलेली आवळेवाडी.

काम ऐकायला सोपं वाटतं. करून बघा! त्याच घरी जायचं, तीच वस्तू विचारायची, आणि सगळ्यात अवघड म्हणजे उत्तर आपण सुचवायचं नाही. समोरचा अडखळला तरी “शंभर का?” असं म्हणायचं नाही. त्यानं जे सांगितलं तेच लिहायचं. बोलक्या बाईला गप्प बसायची ही शिक्षा म्हणजे काय असते ते नूतनला विचारा. पहिल्या महिन्यात तिनं अक्षरशः ओठ चावून दिवस काढले होते.

नूतन राहते रोह्यात, कुंडलिकेपासून हाकेच्या अंतरावर. नवरा सुजय कंपनीत शिफ्टला, मुलगी मनाली कॉलेजात. लग्नाआधी बी.कॉम. झाली आणि मग बरीच वर्षं त्या बी.कॉम.चं काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही. साड्यांना फॉल लावले, गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. मग कुणीतरी या कामाची जाहिरात दाखवली. परीक्षा दिली, निवड झाली, गळ्यात फोटोचं कार्ड आलं. सुजय चेष्टेनं म्हणायचा, “अगो, झोपताना तरी काढ ते.” ती काढायची नाही. का काढेल? आजवर घरातल्या कुठल्या कागदावर तिची सही लागली नव्हती, आणि आता तिनं लिहिलेला शब्द थेट दिल्लीपर्यंत जात होता. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही. फक्त एक होतं, नेमणूक वर्षावर्षाची. जूनमध्ये मुदत वाढली तर वाढली, नाहीतर कार्ड परत.

आवळेवाडीत ती पहिल्यांदा गेली तेव्हा गिरजाबाईंच्या ओटीवर टेकली. गिरजाबाई म्हणजे वाडीतलं सगळ्यात मोठं माणूस. कपाळावर ठसठशीत गोंदण, आवाज असा की टेकडीवरच्या गुरालाही कळावं कोण हाक मारतंय. त्यांनी आधी हातावर गुळाचा खडा ठेवला, मग तांब्या पुढे केला आणि मगच विचारलं, “कोण गो तू? कोणाची?”

नूतननं पाणी पिऊन ओळख सांगितली आणि कागद काढला. भाताची कापणी नुकतीच आटपली होती. अंगणापलीकडे एक विहीर, दगडी कठड्याची, काठोकाठ भरलेली. ती विहीर गिरजाबाईंच्या मालकांनी, हैबतरावांनी, स्वतःच्या हातानं खणलेली. खणली तेव्हाच ते सांगून मोकळे झाले होते की वाटसरू असो, दुसऱ्या वाडीचा असो, भांडण झालेला भाऊबंद असो, पाण्याला नाही म्हणायचं नाही आणि पाण्याचा पैसा घ्यायचा नाही. हैबतराव जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्या घराला आजही पंचक्रोशीत ओळखतात ते त्यांच्या या शब्दावरून.

“काकी, पाण्याला किती खर्च येतो?” नूतननं विचारलं.

गिरजाबाई असं काही बघायला लागल्या की जणू तिनं देवळात चप्पल घालून पाऊल टाकलं होतं. “पाण्याला? पाण्याला पैसं कोण घेतो गो? ग्रामपंचायतीची नळपट्टी भरतो सालाची, ती लिव. बाकी पाण्याला पैसं नाय.”

शेजारच्या धोंडुबाईंनी तेच सांगितलं, पलीकडच्या घरातल्या रंभानं तेच. तक्त्यात नळपट्टीच्या खाली आणखी एक ओळ असते, ‘टँकर किंवा इतर मार्गानं विकत घेतलेलं पाणी’. नूतननं तिथे रेघ मारली. दुसऱ्या महिन्यात रेघ, तिसऱ्या महिन्यात रेघ. उन्हाळा आला, तरी रेघच. ती सकाळच्या उन्हाआधी यायची, तेच विचारायची, तेच ऐकायची, गूळपाणी घ्यायची आणि जायची. तिचंही चुकलं म्हणा. रोह्यात नळ सोडला की पाणी येतं, त्यामुळे गावात नळ आहे म्हणजे नळाला पाणी आहे, असंच ती धरून चालली, आणि विहिरीत कधी डोकावलीही नाही.

पुढच्या चैत्रात स्कूटीनं दगा दिला. गडबला चाक बसलं, पंक्चरवाला लग्नाला गेलेला, तो येईपर्यंत उन्हं चढली. नूतन आवळेवाडीत पोचली तेव्हा दुपार कलली होती, आणि तिनं जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. विहिरीच्या तळाशी हिरवट चिखल. अंगणात निळी पिंपं रांगेत लावलेली. आणि धूळ उडवत आलेला एक छोटा टेम्पो, पाठीवर काळी टाकी. चालवत होता गिरजाबाईंचा लेक कमळाकर. त्यानं पाइप सोडला, एकेक पिंप भरलं, आणि एकेक बाई पदराची गाठ सोडून त्याच्या हातावर नोट ठेवू लागली.

नूतन बघतच राहिली. “रंभा, हे कसले गो पैसे?”

“डिझेलचे,” रंभा सहज म्हणाली.

“आणि पाण्याचे?”

“पाण्याला पैसं नाय ना ताई. दर वेळी तर सांगतो तुमाला.”

आता काय म्हणावं! आणि गंमत इथेच संपत नाही बरं का. कमळाकर पाणी आणायचा हायवेपलीकडच्या एका बोअरवरून. तो बोअरवालाही पाण्याचे पैसे घेत नव्हता. छे छे! तो घ्यायचा लाईटचे. बोअरवाला लाईटचे घेणार, कमळाकर डिझेलचे घेणार, बायका डिझेलचे देणार. पिंपाला शंभर रुपये जात होते आणि त्या सगळ्या मुलखात पाणी विकणारा एक माणूस नव्हता. कोणी खोटं बोलत नव्हतं. पाणी विकायचं नसतं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. म्हणून जे विकलं जात होतं त्याला त्यांनी पाणी म्हणायचंच सोडलं होतं.

नूतननं कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे गेल्या उन्हाळ्यातली प्रत्येक रेघ चुकीची! तिच्या कागदावर आवळेवाडीत पाणी फुकट, आणि इथे रंभासारखी बाई कोंबडीची अंडी विकून पिंप भरत होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला. तिनं कमळाकरला बाजूला गाठलं. तो सरळ माणूस, त्यानं सांगून टाकलं. “गेल्या साली सत्तर घ्यायचो ताई. अवंदा शंभर. बोअरवाल्यानं वाढवले, डिझेल वाढलं. परवडत नाय, पण आपल्याच वाडीला किती लावायचे?”

तिनं ओळीत शंभर लिहिले.

हे गिरजाबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्या ओटीवरून उठून अंगणात आल्या. “काय लिवलंस गो?”

“काकी, पिंपाचे पैसे. तुमचं नाव कुठे येत नाय, कमळाकरदादाचं पण येत नाय. फक्त आकडा.”

“आकडा कशाचा? पाण्याचा?” आवाज चढला. “माझा लेक पाणी इकतो असं लिवलंस तू? हैबतरावांचा लेक? या अंगणात बसून, या घरचं पाणी पिऊन?”

“काकी, पण देतात ना सगळ्या...”

“डिझेलचं देतात! खोड ते.”

नूतननं खोडलं नाही. नियम नियम म्हणून नव्हे, तर रंभाची पदराची गाठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती म्हणून. पुढच्या वेळी ती आली तेव्हा गिरजाबाईंनी पाणी दिलं. त्या घरात पाण्याला नाही म्हणत नाहीत ना! तांब्या समोर ठेवला आणि पाठ वळवून आत गेल्या. गुळाचा खडा मात्र दिला नाही. नूतननं दोन घोट घेऊन तांब्या तसाच ठेवला. रोह्याला परत येईपर्यंत तिच्या डोळ्यांत दोनदा पाणी आलं, आणि तिनं हेल्मेटच्या काचेला दोष दिला.

इकडे वर वेगळंच घोडं अडलं. तिचे वरिष्ठ शरद सर, मूळचे पेणचेच, पिढीजात मास्तरांच्या घरातले. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या काट्यावर चालणारा. त्यांचा फोन आला. “नूतन, आवळेवाडीच्या पाण्याच्या ओळीत इतके महिने रेघ आणि एकदम शंभर? वरून परत आलाय आकडा. सगळी घरं आधी नाही म्हणाली होती की नाही?”

“म्हणाली होती सर. पण ती...”

“पण-बिण नको. मी स्वतः येतो. त्या बायकांच्या तोंडून ऐकतो. त्या हो म्हणाल्या तर आकडा राहील. नाही म्हणाल्या तर तो तू मनानं लिहिलास, असा शेरा मला मारावा लागेल. आणि जूनमध्ये तुझी मुदत आहे, हे तुला ठाऊक आहे.”

नूतनच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बायका काय सांगणार हे तिला पक्कं माहीत होतं. पाण्याला पैसे नाय! आणि त्यांना आठवण करून द्यायची मुभा तिला नव्हती.

सुजय जेवताना म्हणाला, “खोडून टाक ना. एक रेघ तर मारायची. इतके दिवस होतीच की.”

“आणि रंभा देते ते शंभर कुठे गेले?”

“तुझ्या कागदावर आले म्हणून काय तिला पाणी फुकट मिळणार आहे?”

“नाय मिळणार,” नूतन म्हणाली. “मला काय कळत नाय होय? पण उद्या कुणी वर बसून बघेल की या बाजूला पाण्याला काय पडतं, तेव्हा त्याला दिसायला तरी हवं. मी रेघ मारली तर त्या बायका पाण्यावर काय खर्च करतात ते कुणाला कधीच कळणार नाय. मला ही नोकरी हवी आहे रे. खूप हवी आहे. पण असली नको.” आणि तिनं पानावर बसल्याबसल्या रडून घेतलं. मनालीनं तिच्या ताटात गुपचूप आणखी एक आंबोळी वाढली.

मे महिन्यात शरद सर आले. ऊन असं की कुत्रीसुद्धा रस्ता सोडून सावलीला गेलेली. गिरजाबाईंच्या ओटीवर सरांना बसवलं. गूळ आला, तांब्या आला. सर गटागटा पाणी प्याले, त्यांनी आणखी मागितलं, आणखी मिळालं. नूतनलाही तांब्या मिळाला, गूळ नाही. बायका जमल्या. पुढे धोंडुबाई, मागे रंभा आणि बाकीच्या, आणि खांबाला टेकून स्वतः गिरजाबाई.

“मावशी,” सरांनी धोंडुबाईंना विचारलं, “पाण्याला पैसे द्यावे लागतात का?”

“छे हो साहेब! पाण्याला कसलं पैसं?”

“आणि तुम्ही?”

रंभानं गिरजाबाईंकडे एकदा पाहिलं, नूतनकडे एकदा, आणि मान खाली घातली. “नाय.”

एकेक करून सगळ्या नाय म्हणाल्या. नूतन जमिनीकडे बघत उभी होती. तिच्या जिभेच्या टोकावर एकच शब्द होता, डिझेल. तो म्हटला असता तर सगळं सुटलं असतं. पण उत्तर आपण सुचवायचं नाही. तिनं गळ्यातलं कार्ड मुठीत घट्ट धरलं आणि गप्प राहिली. सरांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. “नूतन, मला नाइलाज आहे,” ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात हॉर्न वाजला. कमळाकरचा टेम्पो अंगणात आला. नूतनच्या जिवात जीव आला. आता तरी सर डोळ्यांनी बघतील! कमळाकरनं पिंपं भरायला घेतली. पण बायका जागच्या हलेनात. साहेबासमोर नोट काढायची तरी कशी? धोंडुबाईंचा हात पदराच्या गाठीपर्यंत गेला आणि परत आला. कमळाकरनं ओटीवरचा साहेब पाहिला, खांबाला टेकलेली आई पाहिली, आणि काय समजायचं ते समजला. “आज राहू द्या मावशी,” तो मोठ्यानं म्हणाला. “आज काय नको कोणाकडून.”

संपलं! आता तर सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की इथे पाणी फुकट वाटतात. नूतन पायरीवर बसली.

पण गिरजाबाई लेकाकडे बघत होत्या. तो पहाटेपासून बोअरवर नंबर लावून उभा होता. शर्ट पाठीला चिकटलेला, चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. टाकीभर पाण्याचे लाईटचे पैसे बोअरवाल्याला त्यानं रोख मोजले होते, ते त्यांना ठाऊक होतं, कारण तो निघताना ते त्यांनीच काढून दिले होते. आणि आता हा पोरगा आईच्या शब्दासाठी दिवसाची सगळी कमाई मातीत सोडत होता, पिंपामागून पिंप, हसत. मग त्यांची नजर पायरीवर बसलेल्या नूतनवर गेली. मघापासून ही पोर एक अक्षर बोलली नव्हती.

“कमळाकर,” त्यांनी हाक मारली, “पाइप बंद कर.”

पाइप बंद झाला. गिरजाबाई खांब सोडून पुढे आल्या.

“साहेब, टोपण काढा त्या पेनाचं. या बायका खोटं बोलत नायत. मला भिऊन बोलतात. पैसं देतो आम्ही. डिझेलचं म्हणतो, पण ते पाण्याचंच हाय. मला लाज वाटते म्हणून सगळी वाडी डिझेल म्हणते.” त्यांचा तो टेकडीवर पोचणारा आवाज मध्येच फुटला. “आमच्या मालकांनी सांगितलेलं, पाण्याचा पैसा घ्यायचा नाय. ही विहीर भरलेली असते तोवर मी तो शब्द पाळते. शिमगा झाला की विहीर आटते, तेव्हा मी नुसता शब्दच धरून बसते, आणि त्या शब्दाची भरपाई करतो माझा लेक. तो पाणी इकत नाय साहेब. लांबून आणतो. त्याला खर्च येतो, आणि तो दर साली वाढतो. लिवा तुमी.”

त्यांनी कनवटीची चंची सोडली, घडी पडलेली शंभराची नोट काढली, आणि सगळ्यांदेखत टेम्पोपाशी जाऊन लेकाच्या हातावर ठेवली.

“घे. पाण्याचे.”

“आये, तुझ्याकडून कुठे घेतो मी?” कमळाकर कसनुसा झाला.

“आजपासनं घ्यायचे. माझं पिंप काय आभाळातून भरतं?”

मग काय विचारता! धरण फुटल्यासारख्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. रंभा म्हणाली गेल्या साली सत्तर होते. धोंडुबाई म्हणाल्या सत्तर कुठले, शेवटी शेवटी ऐंशी झालेले, नातवाच्या बारशाला मी दिलेत. कुणी म्हणाली लग्नघर असलं की बाहेरचा मोठा टँकर आणावा लागतो, तो तर बोलूच नका. शरद सरांना लिहिता लिहिता घाम फुटला. “एकेक, एकेक! मावशी, जरा हळू!” आणि नूतन पायरीवर बसून रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम, आणि तिला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

जाताना सर गाडीपाशी थांबले. “माझ्या आईला विचारलं असतं ना, तर तिनंही हेच सांगितलं असतं, पाण्याला पैसे नाही,” ते म्हणाले. “आणि दर उन्हाळ्यात टँकर आमच्याही दारात यायचा. आपला प्रश्नच बदलायला हवा. पाण्याला किती, असं नाही. पाणी दारापर्यंत आणायला काय पडतं, असं विचारायचं. मी वर लिहितो तसं.” मग जरा थांबून म्हणाले, “एक शब्द टाकला असतास तर सुटली असतीस. टाकला नाहीस.”

“मनात आलं होतं सर,” नूतन म्हणाली. “फार आलं होतं.”

जूनमध्ये मुदत वाढली. सुजयनं पेढे आणले आणि हर्षदनं बाजारभर सांगितलं की महागाई आणखी वर्षभर मुक्कामाला आहे; ते नाव आवळेवाडीपर्यंतही पोचलं. इतर वाड्यांतही नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आणि कुठे कुठे रेघेच्या जागी आकडे आले. कुठे डिझेलचे होते, कुठे बैलगाडीचे, एका गावात म्हणे पाणी आणणाऱ्याला ‘चहापाण्याचे’ द्यायचे. त्यानं आवळेवाडीला लगेच चोवीस तास नळ आला का? नाही आला. पण गेल्या ग्रामसभेत रंभा उभी राहिली आणि पिंपाचा भाव मोठ्यानं सांगितला, आणि कुणी तिला खाली बस म्हटलं नाही. नळाच्या नव्या टाकीसाठी जागा बघून गेलेत, असं कमळाकर सांगतो.

श्रावणात नूतन आवळेवाडीला गेली तेव्हा भात पोटरीला आलं होतं. विहीर पुन्हा काठोकाठ, कठड्यावर हिरवं शेवाळ. कमळाकर टेम्पोतून खताची पोती उतरवत होता. गिरजाबाई ओटीवर वाल सोलत होत्या. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि आत गेल्या. नूतन अंगणातच थांबली.

त्या बाहेर आल्या त्या एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात गूळ घेऊन. खडा नव्हे, चांगला ढेपेचा तुकडा.

“बस गो महागाई. आधी तोंड गोड कर, मग विचार काय विचारायचं ते.”

नूतननं गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायली, कागद काढला. “काकी, या महिन्यात पाणी दारापर्यंत आणायला काय पडलं?”

गिरजाबाईंनी विहिरीकडे पाहिलं. घाई केली नाही.

“काय नाय पडलं. आता खरंच नाय. मार रेघ.” नूतननं रेघ मारली तशा त्या पुढे वाकल्या आणि नीट मारली की नाही ते बघून घेतलं. “आणि चैत्रात ये परत, दुपारची ये. तेव्हा माझ्याकडंच पहिला विचार.”